बॅनरचं दुसरं टोक

२२ मे. नागलीच्या पापडांची उकड पहाटेच काढून ठेवली होती. गच्चीवर प्लास्टिक अंथरून निम्मे पापड घालूनही झाले होते. ऊन चढायच्या आत उरलेले संपवायचे होते, म्हणून फोन वाजला तेव्हा तो मान वाकडी करून खांद्यातच धरला.

मुंबईहून एक मुलगी बोलत होती. आवाज विशीतला. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांनी आपल्याकडे पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून तसं सांगितलं, त्या दिवसांची आठवण म्हणून या मुली एक कार्यक्रम करताहेत. जुने फोटो लावणार, त्या वेळच्या बायकांना बोलायला बोलावणार. त्यातल्या एका फोटोत लांब कापडी बॅनर आहे. त्याच्या डाव्या टोकाला आमच्या संस्थेची जीप चालवणारी बाई. ती गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेली, हे मुलीला ठाऊक होतं. उजव्या टोकाला मी. माझा नंबर तिनं संस्थेच्या ऑफिसातून मिळवला होता.

“तुम्ही त्यांच्या जोडीदार ना, मॅडम?”

“मी पापड घालतेय,” मी म्हटलं. “उद्या सांगते.”

हे काही उत्तर नाही, मला कळतं. ‘नाही’ म्हणायला पापड आड येत नाहीत. त्या जीपवालीची जोडीदार कमळी. ती खोडाळ्याला राहते, बाजारात सुके बोंबील विकते. एवढं सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण त्या मुलीनं विचारलं आणि ते ऐकायला मला बरं वाटलं. म्हणून एक दिवस ते तसंच राहू दिलं. आता पापड वाळताहेत, कावळे हाकायला गच्चीतच बसायचं आहे, तर त्या जीपवालीबद्दल लिहून काढते. म्हणजे उद्या काय सांगायचं तेही ठरेल.

तिला सगळे ड्रायव्हर म्हणत, मीही तेच म्हणते. बाप एसटीत ड्रायव्हर, नाशिकच्या डेपोत. त्याच्याकडून ती गाडी शिकली आणि त्याची खाकी पँट आल्टर करून घालायला लागली, ती कायमचीच. केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, वरच्या खिशात सुपारीची डबी. जव्हारला ती आली तेव्हा पोरं जीपच्या मागे धावायची, गाडी बघायला नाही, तिला बघायला. तिला त्याचं काही वाटत नसे. “बघू दे शेठ,” म्हणायची, “फुकट आहे.”

सगळ्यांना ती शेठ म्हणायची. संस्थेच्या साहेबांना शेठ, बैलाला शेठ, पोटुशा बाईला गाडीत चढवताना, “चला शेठ, वेळ झाली का?” मी नर्स, गावोगावी लस टोचायला, बाळंतपणं करायला तिच्या जीपमधून जाणारी. मीही शेठच. सुरुवातीला मला वाटायचं, मला म्हणते तेव्हा त्यात थोडं वेगळं काही असतं. नीट कान देऊन ऐकलं. नव्हतं.

वळणावर वळण आलं की ती हॉर्न वाजवायची. समोर कोणी असो नसो. घाटात तर हात हॉर्नवरून निघतच नसे. मी एकदा म्हटलं, “अहो, रिकामा रस्ता आहे.” तर म्हणाली, “रिकामा आहे हे तुला दिसतंय. पलीकडच्याला काय माहीत आपण आहोत?” ती मला तू म्हणायची, मी तिला शेवटपर्यंत तुम्ही. ती सगळ्यांनाच तू म्हणत होती, त्यामुळे त्याचाही हिशेब माझ्या बाजूनं लागत नाही.

जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा माझी होती. लसीचा डबा मांडीवर आणि गुडघा गिअरला लागू नये म्हणून तिरपा. मागे बाकड्यांवर बाकीचे, गोणी, कोंबड्या. या भागात पुढची सीट कोणाची हे न बोलता ठरतं. सरपंच नसेल तर गुरुजी, गुरुजी नसतील तर सिस्टर. मी चार वर्षं तिथं बसले आणि मला दुसरं काही नको होतं. ते पुरतं नव्हतं हे मला कमळी आल्यावर कळलं.

कमळी साखरशेतकडच्या एका पाड्यावरची. नवरा दुसरी करून भिवंडीला राहिला, ही परत आईकडे आली. दाभोशाला जीप थांबली होती. ही टोपली डोक्यावर घेऊन आली आणि मागे चढायच्या ऐवजी सरळ पुढचा दरवाजा उघडून म्हणाली, “सरक गं जरा.” मी सरकले. सुक्या मासळीचा वास घेऊन ती माझ्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये बसली. गिअरचा दांडा तिच्या गुडघ्यांमध्ये आला आणि ती हसली. पुढचे दोन दात फाकलेले. वाटेत ड्रायव्हरनं तिला विचारलं, “नाव काय तुझं?”

“कमळी.”

“बरं, कमळी,” ड्रायव्हर म्हणाली. पुढं तिला कधी शेठ म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

मी कमळीत काय कमी आहे ते शोधत बसले होते, तेही खरं आहे. वाचता येत नाही. मोठ्यानं हसते. पाय वर घेऊन बसते. हे सगळं ड्रायव्हरला दिसावं म्हणून मी सहज म्हटल्यासारखं बोलून दाखवायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “हो ना, भारी आहे ती.” काही महिन्यांत कमळी ड्रायव्हरच्या क्वार्टरवर राहायला आली. आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत. तिकडून हसण्याचा आवाज आला की मी इकडे स्टोव्हला जोरानं पंप मारायची.

मला ड्रायव्हर हवी होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय आणि लिहायला फारसं जड गेलं नाही. तेव्हा मात्र त्याला नावच नव्हतं. मी संगमनेरकडची, लग्नाचं वय टळलेली, नोकरीत रमलेली असं सगळे म्हणत, मीही तसंच समजत होते. ड्रायव्हरला नाव माहीत होतं. महिन्यातून एकदा ती मुंबईला जायची, जीपचे पार्ट आणायला, आणि तिथं कोणाच्या तरी घरी अशा बायका जमत. एकदा परत येताना वायसर, फॅनबेल्ट आणि तो शब्द घेऊन आली. लेस्बियन. डिझेल म्हणावं तसा ती तो म्हणायची.

तिचा एक नियम होता. कोणी विचारलं तर खरं सांगायचं, नाही विचारलं तर जाहिरात करायची नाही. टपरीवर कोणी विचारलं, “ड्रायव्हर, ती तुमची कोण?” तर, “बायको समज,” म्हणून चहा संपवायची. विचारणाराच गडबडायचा. जव्हारच्या बाजारात एका मणियार चाचींचं बांगड्यांचं दुकान होतं. ड्रायव्हर स्वतः कधी बांगड्या घालत नसे, पण कमळीला घेऊन जायची. चाची कमळीच्या हातात काच चढवता चढवता म्हणाल्या, “किसके नाम की?” ड्रायव्हरनं हात वर केला. चाचींनी तिच्याकडे पाहिलं, कमळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तो हरी दूँ, टिकती है.” मी शेजारी उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. मी आपली सेफ्टी पिना घेऊन आले.

मग एका थंडीत दोन बायकांच्या प्रेमावरचा कुठला तरी सिनेमा लागला आणि शहरात काही लोकांनी थिएटरच्या काचा फोडल्या. आपल्याकडे असलं काही नसतंच, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हरनं ते पेपरात वाचलं. त्या दिवशी ती हॉर्न न वाजवता घाट उतरली, तेव्हा मला काळजी वाटली. खाली आल्यावर म्हणाली, “माझं चुकत होतं शेठ. कोणी विचारत नाही म्हणून मी सांगत नाही. मी सांगत नाही म्हणून आम्ही नाहीच असं ठरतं.”

मुंबईत बायका जमून रस्त्यावर उभ्या राहणार होत्या. ती कमळीला म्हणाली, चल. कमळी म्हणाली, “बाजार हाय. मी बोर्ड धरून उभी राहीन तं माल कोण इकंल?” रुसवा नाही, भांडण नाही. कमळीला बाजार होता म्हणजे होता. मला लस आणायला त्याच दिवशी मुंबईला जायचं होतं, म्हणून मी जीपमध्ये होते. पुढच्या सीटवर, एकटी.

तिथं पोचलो तर बायका फार नव्हत्या. खादीचे कुर्ते घातलेल्या, जीन्स घातलेल्या, एक दोन साडीतल्या. रस्त्याच्या पलीकडे बघे त्यांच्यापेक्षा जास्त. कोणी शिट्टी मारत होतं. कापडी बॅनरला दोन्ही बाजूंना बांबू होते. ड्रायव्हरनं एक धरला. दुसऱ्या बाजूची मुलगी घाबरली की काय, मागच्या मागे निघून गेली होती. ड्रायव्हर इकडेतिकडे बघून मला म्हणाली, “शेठ, हे टोक जरा धर.”

मी धरलं. बॅनरवर काय लिहिलंय ते धरणाऱ्याला दिसत नाही, उलटी अक्षरं दिसतात. ती मी वाचली. आम्ही आहोत, असं होतं, आणि खाली तो शब्द. वारा होता, कापड फुगत होतं, दोन्हीकडून सारखा ताण द्यावा लागत होता. ती थोडं खेचायची, मग मी थोडं खेचायची. एकदा तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, जमतंय म्हणून. इतकी सुखी मी पुढं कधी झाले नाही. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

फोटो पेपरात आला आणि जव्हारला पोचला. पुढं काय झालं असेल ते कोणीही सांगू शकेल. शेजारच्या मास्तरीणबाई ड्रायव्हरला पाणी भरताना आधी भरू द्यायला लागल्या, म्हणजे बरोबर उभं राहायला नको. कोणीतरी जीपच्या बॉनेटवर चुन्यानं घाण शब्द लिहिला. ड्रायव्हरनं तो पुसला नाही. आठवडाभर तशीच गाडी घेऊन मोखाड्यापर्यंत फिरली. टपरीवर थांबायची, विचारायची, “अक्षर कोणाचं रे? वळण चांगलं आहे.” शेवटी चहावाल्यानंच फडकं ओलं करून पुसून टाकलं.

पण मला जे लागलं ते वेगळंच. त्या फोटोत दोघी होतो. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. तिच्याबद्दल सगळं गाव बोलत होतं आणि माझ्याबद्दल एक अक्षर नाही. सिस्टर बिचाऱ्या लस आणायला गेल्या होत्या, त्यांच्या हातात दिलं असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मास्तरीणबाई तर मला म्हणाल्या, “तुम्ही जपून राहत जा हो.” त्यांची हाडं मोडायचा विचार आला होता, पण त्यांच्या मुलीला ताप होता आणि गोळ्या द्यायच्या होत्या.

मग साहेब चौकशीला निघाले. संस्थेचे साहेब म्हणजे भला माणूस. आवाज चढवणार नाही, कोणाचं वाईट करणार नाही, फक्त हवी असलेली गोष्ट लोकांच्या तोंडून वदवून घेणार. ड्रायव्हरला काढायचं तर गावाची तक्रार हवी. म्हणून ते कमळीच्याच पाड्यावर गेले. बरोबर मला घेतलं. जीप अर्थात ड्रायव्हरच चालवत होती. वाटेत तिनं साहेबांना एकदाच विचारलं, “शेठ, मला काढायलाच चाललोय ना? मग शॉर्टकटनं घेते.”

आता इथली एक रीत सांगायला हवी. पाड्यांवर लग्न आधी लागलंच पाहिजे असं नसतं. दोघं एकत्र राहायला लागतात, घर मांडतात, मुलं होतात. लगीन म्हणजे जेवण आलं, मांडव आला, ते जमेल तेव्हा. कधी मुलाच्या लग्नाच्या मांडवात बापाचंही लागतं. आमची संस्था दर उन्हाळ्यात अशा जोडप्यांची एकत्र लग्नं लावायची, भांडी द्यायची. त्यासाठी साहेब पाड्यापाड्यावर जाऊन, खाटेवर बसून एकच प्रश्न विचारायचे: इथं लग्न न लावता एकत्र राहणारं कोण कोण आहे?

त्या दिवशीही साहेब खाटेवर बसले. माणसं जमली. कमळीची आई चुलीपाशी होती, ती हात पुसत बाहेर आली. साहेबांनी घसा साफ केला आणि सवयीनं तसंच विचारलं, “कमळी आणि ही ड्रायव्हर लग्न न करता एकत्र राहतात, हे तुम्हाला माहीत आहे का?”

“ठाव हाय ना,” म्हातारी म्हणाली. “लगीन बाकी हाय त्यांचा.”

“यंदा लगीन धरताव काय?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

साहेबांना काही कळेना. मग कळलं. “अहो, दोघी बाया आहेत त्या.”

“तां दिसतां आमाला,” म्हातारी म्हणाली. “डोळं हायेत.”

“मग?”

“मंग काय? भांडी दोघींना मिळून एक देशाल का दोन?”

ठाण्याला कामाला असलेला एक पोरगा सुट्टीवर आला होता. तो मागून हसला, “अरे काका, ये बंबई का मामला है, तुमको नहीं समझेगा.” म्हातारी त्याच्याकडे वळून म्हणाली, “तुझा धाकला भाव झाला तवा तुझी आई कुणाच्या गाडीत होती, इचार जा घरी.” पोरगा हसायचा थांबला नाही. सगळे तिच्या बाजूचे होते असं मी म्हणणार नाही. कमळीचा भाऊ तर उठून शेताकडे निघून गेला होता. पण तक्रार कोणी करेना. साहेबांनी शेवटचं विचारलं, “म्हणजे तुम्हाला हिचा काही त्रास नाही?”

“तरास हाय,” म्हातारा म्हणाला. “हॉर्न लय वाजवते.”

मग साहेब माझ्याकडे वळले. मवाळ आवाजात म्हणाले, “सिस्टर, तुम्ही शेजारी राहता. त्या दिवशी तुम्हाला फसवूनच उभं केलं ना? तुम्ही तसं सांगितलंत तरी पुरे आहे.”

ड्रायव्हर जीपला टेकून सुपारी कातरत होती. तिनं वर पाहिलं नाही. कमळी दारात उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी हो म्हटलं असतं तर ड्रायव्हरची नोकरी गेली असती, क्वार्टर गेलं असतं आणि भिंतीपलीकडचं हसणं थांबलं असतं. तो विचार माझ्या मनात आला. आणि तरी मला राग साहेबांचा आला होता. मला कोणी फसवल्याशिवाय मी तिथं उभी राहूच शकत नाही, असं त्यांनीही धरून चाललं होतं.

“फसवलं नाही,” मी म्हटलं. “मी धरलं.”

“का?”

“पडत होतं.”

याहून जास्त मी बोलले नाही. साहेबांनी ते ऐकून घेतलं, आमच्या सिस्टर मदतीला धावणाऱ्या, असा अर्थ लावला आणि चहा मागितला. ड्रायव्हरची नोकरी राहिली. परतीच्या वाटेवर ती मला काहीच म्हणाली नाही. कमळीनं मात्र उतरताना माझ्या पिशवीत बोंबील टाकले. मी ते मांजराला घातले.

त्या उन्हाळ्यात संस्थेच्या मांडवात अर्थातच त्यांचं लग्न लागलं नाही. पण पाड्यावर लग्नं लावणाऱ्या म्हाताऱ्या बायकांपैकी एक आली, अंगणात तांदळाच्या पिठानं चौक काढला आणि दोघींना पाटावर बसवून रात्र व्हायच्या आत गाणी म्हणून मोकळी झाली. मला बोलावलं होतं. गेले. हळद लावायची वेळ आली तेव्हा कमळीला तिच्या मावश्या होत्या, ड्रायव्हरच्या बाजूचं कोणी नव्हतं. “शेठ, तू लाव,” ती म्हणाली. मी लावली, इंजेक्शन द्यायच्या आधी हात पुसतात तशी, पटकन.

नंतर त्यांनी खोडाळ्याला घर बांधलं आणि माझ्या भिंतीपलीकडे मलेरियाचा एक कर्मचारी राहायला आला. तो घोरायचा.

हे इथपर्यंत काल लिहिलं. संध्याकाळी पापड उचलले, डब्यात भरले. उद्या काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. खरं तर एक मन सांगत होतं, जा. एका संध्याकाळपुरतं त्या मुलींच्या खुर्चीवर बस. कमळी पेपर वाचत नाही, तिला कळणारही नाही. तिनं अख्खी बाई घेतली, तुला एक संध्याकाळ.

आज सकाळी पहिल्या गाडीनं खोडाळ्याला गेले. कमळी बाजारात गोणपाट अंथरत होती. केस बरेच पिकलेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुलगी, फोटो, तिनं मला काय समजलं ते.

“मंग हो म्हणायचा ना,” कमळी बोंबलांच्या जुड्या लावत म्हणाली. “फोटोत तूच हायेस.”

“मी तिची जोडीदार नव्हते.”

“व्हायचा होता ना तुला पण.”

मी विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“तिला पण ठाव होता. म्हणली, शेठचा मन माझ्यावर हाय, तू तिला टोचून बोलू नको.” कमळीनं तराजू उचलला, पारडं झटकलं. “म्हणून तुला मांजराचा कधी इचारला नाय मी.”

मी बाजाराच्या कडेला, जिथं रेंज येते तिथं गेले. मुलीला फोन लावला. तिला सांगितलं, जोडीदार कमळी आहे, ती इथं माझ्याजवळ आहे, तिला गाडीभाडं पाठवू नका, मी घेऊन येते. कार्यक्रम तेवढा तिच्या बाजाराचा दिवस सोडून ठेवा.

“आणि तुम्ही, मॅडम?” ती जरा खट्टू झाली होती. “तुम्हाला सहकारी म्हणू का? की समर्थक?”

“नको,” मी म्हटलं. “बॅनरवर जे लिहिलं होतं तेच लिहा. तो शब्द माझाही आहे. फक्त वर कमळीचं नाव घाला, खाली माझं.”

मुलगी म्हणाली, “एकाच फोटोखाली?”

“हो. आणि आमच्या दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी ठेवू नका, मध्ये ड्रायव्हरची एक रिकामी राहू दे,” मी म्हटलं आणि परत येऊन कमळीला विचारलं, कार्यक्रमाला कुठला दिवस चालेल.